थंडीत खिडकी उघडी ठेवायची की बंद? (वाकड, चौथा मजला, घरात तान्हं बाळ)

कोवळं_ऊन

पुण्यात वाकडला चौथ्या मजल्यावर २ बीएचके. एका अंगाला सर्व्हिस रोड, दुसऱ्या अंगाला बारा मजली इमारतीचं काम सुरू. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई (दमा आहे, रोज दोन वेळा इनहेलर), पाच वर्षांचा मुलगा आणि अडीच महिन्यांचं बाळ. बाळ आमच्याच खोलीत झोपतं. खोली १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट, दोन झडपांची अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी.

पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये) आणि कार्बन डायऑक्साइड (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती) दाखवणारा मीटर घेतला आणि त्यानंच गोंधळ वाढवला.

खिडकी-दार बंद ठेवून झोपलो तर सकाळी ६ ला पीएम २.५ चाळीसच्या आसपास, पण कार्बन डायऑक्साइड २३५० पीपीएम. खिडकी अर्धी उघडी ठेवली तर कार्बन डायऑक्साइड ६००, पण सकाळी ७ ला पीएम २.५ थेट ११०. फोडणी दिली की स्वयंपाकघरात ३०० च्या वर जातं, हॉलमध्येही दीडशे दिसतं.

उपयोगी पडेल म्हणून बाकीची माहिती: चिमणी डक्टवाली आहे. गॅस गीझर ड्राय बाल्कनीत आहे (कबुतरं आणि धुळीमुळे ती बाल्कनी गेल्या वर्षी स्लायडिंग लावून बंद केली). हॉलमध्ये संध्याकाळी मच्छरची कॉइल लागते. सासूबाई बाळाला आंघोळीनंतर ओवा-शेपा-धुपाची धुरी देतात. गोधड्या नुकत्याच माळ्यावरून काढल्यात.

बजेट १२ ते १५ हजार. प्युरिफायर घेऊ का? कोणत्या क्षमतेचा? ह्युमिडिफायर आणि हवा शुद्ध करणारी झाडं यांचा फायदा होतो का? आणि मुळात रात्री खिडकी उघडी ठेवू की बंद?

---

धूळपाटी

मीटर बरोबर सांगतोय. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून गोंधळ होतोय. धूळ-धूर बाहेरून येतो, तो खिडकी बंद केली की थांबतो. कार्बन डायऑक्साइड तुमच्या श्वासातून येतो, तो खिडकी उघडली की जातो. प्युरिफायर पहिल्यावर काम करतो. दुसऱ्यावर शून्य. कितीही महागडा घेतला तरी शून्य.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. खोलीचं घनफळ ११४० घनफूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. झोपेत दोन मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ मिळून तासाला अंदाजे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. स्लायडिंग खिडकी लावलेली असली तरी फटींतून थोडी हवा बदलतेच, तासाला खोलीच्या ०.४ पट धरा, म्हणजे १३ घनमीटर. २५ लिटर भागिले १३ घनमीटर म्हणजे साधारण १९०० पीपीएम, त्यात बाहेरचे ४२० मिळवा. २३५० च्या जवळ आलो. मीटरवर शंका घ्यायला जागा नाही.

आता खिडकी पूर्ण बंदही नको आणि अर्धी उघडीही नको, तीन-चार बोटं फट ठेवा. हवा तासाला एकदा पूर्ण बदलली तर कार्बन डायऑक्साइड १२०० च्या आसपास थांबतो, झोपायला तेवढं पुरे. फट किती ते वारा आणि खिडकीची दिशा ठरवते, त्यामुळे सेंटीमीटर सांगत नाही. सकाळी १००० ते १३०० दिसेल इतकी फट शोधून झडपेखालच्या पट्टीवर मार्करने खूण करून ठेवा.

या फटीतून धूळ येणारच. तिथे प्युरिफायर लागतो. त्याचा सीएडीआर, म्हणजे तो तासाला किती स्वच्छ हवा देतो हा आकडा, खोलीच्या घनफळाच्या पाचपट तरी हवा. तुमच्यासाठी १६० घनमीटर प्रतितास. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत वरच्या स्पीडचा असतो आणि त्या आवाजात बाळ झोपणार नाही. मधल्या स्पीडला १६० मिळायचे तर खोक्यावर २५० ते ३०० लिहिलेलं घ्या. ते तुमच्या बजेटमध्ये बसतं.

बाहेर ११० असताना आत काय होईल:

खिडकीला फट, प्युरिफायर नाही: ८० ते ८५
खिडकीला फट, प्युरिफायर १६० वर: १७ ते २०
खिडकी अर्धी उघडी, प्युरिफायर १६० वर: ५० च्या आसपास

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. खिडकी सताड उघडी ठेवून प्युरिफायर लावणारे बरेच असतात आणि मग 'मशीन बोगस आहे' म्हणतात.

दिवसाचं वेळापत्रक वेगळं ठेवा. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर, वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, सगळं त्या झाकणाखाली साठतं. म्हणून सकाळी ६ ते ९ सर्वांत वाईट आणि रात्री ८ नंतर पुन्हा वाईट. ऊन तापलं की झाकण मोडतं. दुपारी १ ते ४ मध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर २०-२५ मिनिटं सपाटून हवेशीर करा. आपल्याकडे 'सकाळची ताजी हवा' म्हणून ७ वाजता सगळ्या खिडक्या उघडतात. जुलैत ठीक आहे, डिसेंबरात उलटं होतं.

सरकारी 'समीर' अॅपवरचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघून खिडकीचा निर्णय घेऊ नका. तो पीएमसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात, सकाळचं टोक त्यात लपून जातं. तासागणिक पीएम २.५ चा आकडा बघा, नाहीतर सरळ तुमचाच मीटर पाच मिनिटं बाल्कनीत ठेवा. आपल्या देशातली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली १५. घरात दमा आणि तान्हं बाळ असेल तर ६० च्या आत आलं म्हणून समाधान मानू नका, रात्रभर २५ च्या खाली राहील असं बघा.

घेताना: फिल्टर हेपा (अगदी बारीक कण पकडणारा), एच१२ किंवा एच१३ दर्जाचा, सुटा मिळणारा, आणि त्याची किंमत आधी विचारा. काही मशीन स्वस्त आणि फिल्टर मशीनच्या निम्म्या किमतीला असतो. आयनायझर, ओझोन, प्लाझ्मा असलं बटण असेल तर बंद ठेवा, दम्याच्या माणसाजवळ ओझोन नकोच. ऑटो मोडवर ठेवू नका. त्याचा सेन्सर मशीनच्या अंगालाच असतो, तिथली हवा सर्वांत आधी स्वच्छ होते आणि मशीन मंद होतं. स्पीड ठरवून ठेवा. भिंतीपासून एक फूट लांब, पडद्याआड किंवा पलंगाखाली नाही.

---

फ्लूगॅस

प्युरिफायरचं नंतर बघा. ड्राय बाल्कनी बंद केली आणि गॅस गीझर आत राहिला, हे वाक्य तुम्ही बाकीच्या माहितीत सहज लिहून गेलात. आज रात्रीच्या आत करायचं काम ते आहे.

गीझर बाहेर असावा म्हणून बिल्डर तो ड्राय बाल्कनीत देतो. जाळी होती तोवर ती जागा 'बाहेर' होती. स्लायडिंग लावल्यावर ती चार बाय सहा फुटांची बंद खोली झाली, आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं.

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एका माणसाची पंधरा मिनिटांची आंघोळ म्हणजे सुमारे ३ घनमीटर हवा. तुमच्या बाल्कनीत एकूण हवा असेल ६ घनमीटर. तिसऱ्या माणसाच्या आंघोळीला ज्योत आधीच वापरलेली हवा पुन्हा ओढत असते, ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि मग माणूस खाली. तुमचा मीटर हा वायू मोजत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावरून त्याचा अंदाज बांधू नका.

त्यात भर तुमच्या चिमणीची. खिडक्या बंद ठेवून चिमणी जोरात लावली की ती घरातली हवा बाहेर फेकते आणि तेवढी हवा कुठून तरी आत ओढते. सर्वांत सोपी वाट ड्राय बाल्कनीच्या दाराखालची. म्हणजे स्वयंपाक आणि आंघोळी एकाच वेळी चालू असतील, आणि सकाळी ७ ला त्या असतातच, तर गीझरचा धूर चिमणी स्वतः घरात खेचते.

करायचं ते असं.

१. गीझर चालू असताना बाल्कनीची बाहेरची झडप पूर्ण उघडी आणि स्वयंपाकघराकडचं दार बंद. हे आजपासून.

२. कायमचा उपाय: स्लायडिंगच्या काचेतली एक पट्टी वर आणि एक खाली काढून तिथे झडप न मिटणारी जाळी बसवा. कबुतरांसाठी बारीक तारेची जाळी पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून खालची जाळी फरशीलगत हवी. पाइपचा गॅस हलका, तो वरच्या जाळीतून जातो. दोन्ही ठेवल्या की प्रश्न मिटला.

३. गीझरच्या डोक्यावर धुराड्याचं तोंड असेल तर पाइप लावून तो भिंतीबाहेर काढा. पाइप गीझरपासून आधी सरळ वर जावा आणि मगच आडवा वळवावा. टोकावर टोपी. लवचीक, घड्या पडणारा पातळ पाइप टाळा. तो भोक पडून गळतो आणि कुणाला कळत नाही.

४. ज्योत बघा. निळी, स्थिर असावी. पिवळी टोकं, काजळी, फुरफुर आवाज म्हणजे बर्नर तुंबलाय किंवा जेट (ज्या बारीक छिद्रातून गॅस येतो तो भाग) चुकीचा आहे. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलात आणि गीझरचा जेट बदलला नसेल (किंवा उलट), तर हमखास हेच होतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, बर्नर आणि वरचे तांब्याचे पंख साफ करून घ्या. पंखांमध्ये काजळी बसली की धूर वर न जाता पुढून बाहेर येतो.

५. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, ईएन ५०२९१ मानकाचा आणि आकडा दाखवणारा. या मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला ३ मिनिटांत वाजतो, पण ५० पीपीएमला तासभर तरी घेतो, म्हणून आकडा दिसणं महत्त्वाचं. स्वयंपाकघर आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर. बाथरूममध्ये नको, वाफेने सेन्सर बिघडतो. मागे छापलेली मुदत बघा, हे सेन्सर जन्मभर चालत नाहीत.

आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला उत्तर देत नसेल तर गॅस बंद, दार तोडा, उघड्यावर आणा, १०८ ला फोन. 'चक्कर आली असेल' म्हणून लिंबूपाणी देत बसायचं नाही.

---

बारीक_जाळी

वरचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावा. मी घरात पेटणाऱ्या बाकीच्या गोष्टींकडे वळते.

धुरीबद्दल आधी. सासूबाईंशी वाद न घालता सांगायचं असेल तर बाळाचं नाव न काढता त्यांच्या दम्याचं काढा. निखाऱ्यावर ओवा-शेपा-धूप टाकला की सर्वांत जवळचा श्वास त्यांचाच असतो. बंद खोलीत निखारा म्हणजे पुन्हा कार्बन मोनॉक्साइड, म्हणून बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी हा प्रकारही बंद दारामागे अजिबात नको. धुरीमागची गरज खरी असते: आंघोळीनंतर बाळ गारठू नये, केस-टाळू कोरडी व्हावी. त्यासाठी खोली आधी गरम करा, पंचा आणि झबलं गरम पाण्याच्या पिशवीखाली ठेवा, आंघोळ सकाळी ८ ऐवजी ११ ला घाला. ऊन आलेलं असतं, गारठा नसतो. ओवा हवाच असेल तर तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवतात तेवढं करा, पण बाळाच्या तोंडाजवळ नाही.

कॉइल आजच बंद. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एक कॉइल जळून जेवढे पीएम २.५ निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. त्या कॉइल चीन आणि मलेशियातल्या होत्या, पण आपल्या कॉइलचा धूर काही वेगळ्या जातीचा नाही. बाळाला मच्छरदाणी, खिडकीला जाळी. पुण्यात थंडीत डास संध्याकाळी ६ ते ७.३० मध्ये आत शिरतात, तेवढा वेळ जाळीच्या बाहेरची काचही बंद ठेवली तरी निम्मं काम होतं.

देवघरात तुपाचं निरांजन चालेल. उदबत्ती आणि धूपकांडी यांचा धूर मात्र फार. एक उदबत्ती लावायचीच तर चालू चिमणीखाली लावून मग देवापुढे ओवाळून परत तिथेच ठेवा. विचित्र दिसतं, पण चालतं.

स्वयंपाकघर: तुमची चिमणी डक्टची आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली. तरी हॉलमध्ये दीडशे दिसतात याचा अर्थ धूर पकडला जात नाहीये. कारणं बहुतेक या क्रमाने असतात. चिमणी फोडणीच्या क्षणी लावली जाते, ती तेल तापायला ठेवतानाच लावायची आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. पुढच्या बर्नरवर कढई असते, चिमणी मागे खोल असते, म्हणून तळणं-फोडणी मागच्या बर्नरवर घ्या. ओट्यापासून चिमणी २६ ते ३० इंचांपेक्षा वर बसवलेली असते. आणि चौथं, बाहेरच्या तोंडाची झडप तेलकटपणाने चिकटून बसते. ते तपासायला चिमणी लावून बाहेरच्या तोंडाशी टिशू पेपर धरा, तो नीट उडाला पाहिजे. आतल्या जाळीला कागद चिकटतो म्हणून डक्ट मोकळा आहे असं होत नाही. डक्ट सहा इंची असावा. चार इंची रेड्यूसर (पाइप अरुंद करणारा जोड) टाकून भिंतीतल्या जुन्या भोकातून काढलेला असेल तर चिमणी नुसती आवाज करते.

चिमणीला हवा आत यायला वाट हवी. ओट्याच्या समोरची खिडकी चार बोटं उघडा, चिमणीलगतची नाही. शेजारची उघडली तर हवा तिथूनच येऊन तिथूनच जाते. शेजारी एग्झॉस्ट फॅन असेल तर चिमणी चालू असताना त्याच्या भोकातून हवा उलटी येते, पाती हळूहळू उलटी फिरताना दिसतील.

गोधड्या. माळ्यावरून काढून थेट अंथरल्या तर आठ महिन्यांची धूळ आणि माइट्स (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) नाकाशी येतात. दम्याला याचा त्रास बाहेरच्या धुरापेक्षाही जास्त होऊ शकतो. माइट मरायला ५५ ते ६० अंशांचं पाणी लागतं, मशीनवर ६० चा प्रोग्रॅम असतो तो लावा. जड गोधडी मशीनमध्ये बसत नाही, ती धोब्याकडे गरम धुलाईला द्या, नाहीतर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून गच्चीत, घराबाहेर, झोडपा. नुसतं ऊन पुरेसं नाही, पण बाहेर झोडपल्यामुळे निघालेली घाण घरात येत नाही.

आणि त्यात डांबरगोळ्या होत्या का? असतील तर त्या कापडात बाळाला अजिबात गुंडाळू नका. नॅप्थलीनच्या वासाने जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि अशी कमतरता आहे हे बऱ्याचदा आधी माहीतच नसतं. धुवून, दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत, वास पूर्ण जाईपर्यंत.

केर काढण्याबद्दल एकच: कोरड्या केरसुणीने बारीक धूळ हवेत तासन् तास राहते. आधी ओलसर फडक्याने पुसणं, मग उरलेला केर. कामाला येणाऱ्या मावशींना क्रम बदलायला सांगावा लागेल, पटायला वेळ लागतो.

---

चौथा_मजला

ह्युमिडिफायर आणि झाडांबद्दल कुणी बोललं नाही.

झाडं: हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून आला. तो हवाबंद छोट्या पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा निघालं की साध्या घरातल्या हवाबदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. स्नेक प्लांट छान दिसतो म्हणून ठेवा. पाणी जास्त घातलं तर कुंडीच्या मातीला बुरशी येते, तेवढं बघा.

ह्युमिडिफायर: दुपारी पुण्यात आर्द्रता ३० च्या खाली जाते हे खरं, पण रात्री ती आपोआप वाढते आणि बंद खोलीत तीन माणसांच्या श्वासाने आणखी. आधी मोजा. रात्री ४० च्या वर असेल तर गरजच नाही. अल्ट्रासॉनिक प्रकारात नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे हवेत उडतात आणि तुमचा मीटर ३०० दाखवेल. घालायचंच तर आरओचं पाणी, टाकी रोज रिकामी करून कोरडी. ६० च्या वर आर्द्रता नेली की माइट्सची चंगळ.

धूळपाटींशी एका मुद्द्यावर मतभेद. त्यांनी फट खिडकीला ठेवायला सांगितली, पण कोणत्या बाजूच्या हे सांगितलं नाही. बांधकामाकडची खिडकी असेल तर तिथे फट नको. तिकडची खिडकी पक्की बंद करून, झडपांच्या खाचेतली ब्रशसारखी पट्टी बदलून घ्या (उन्हाने दोन-तीन वर्षांत झडते, फॅब्रिकेटर फुटावर लावून देतो), आणि फट रस्त्याकडच्या बाजूला ठेवा. रात्री ११ नंतर सर्व्हिस रोडची वाहतूक कमी होते, बांधकामाची सुटी धूळ मात्र वाऱ्याबरोबर उडतच राहते. किंवा बेडरूमचं दार हॉलकडे उघडं ठेवा, कार्बन डायऑक्साइड मोठ्या जागेत पसरतो. मग प्युरिफायर पलंगाजवळ आणा, कारण त्याच्यावरही मोठ्या जागेचा भार येतो.

---

कोवळं_ऊन

गीझरचं वाचून हातातलं सगळं ठेवलं. बाल्कनीची झडप काढून ठेवलीय, फॅब्रिकेटरला जाळीसाठी बोलावलंय. चिमणीचा डक्ट त्याच बाल्कनीत उघडतोय हे आज लक्षात आलं, म्हणजे बाहेर काढलाच नव्हता, काचेआत सोडला होता.

दोन शंका. प्युरिफायर आल्यावर तो खोक्यावर लिहिलेलं काम करतो का हे घरी कसं तपासायचं? आणि हॉलसाठी पैसे उरणार नाहीत, तिथे काही घरगुती जुगाड होतो का? सोसायटीचे वॉचमन पहाटे पालापाचोळ्याची शेकोटी करतात, तो धूर हॉलमध्ये शिरतो.

---

फ्लूगॅस

डक्ट काचेआत सोडला असेल तर चिमणीची हवा गीझरच्या ज्योतीवर जाते. फॅब्रिकेटर येईल तेव्हाच काचेच्या वरच्या पट्टीत सहा इंची भोक पाडून डक्ट बाहेर न्या, टोपी आणि झडपेसकट. जाळीपासून जितका दूर जमेल तितका.

---

धूळपाटी

खिडकीच्या बाजूबद्दल चौथा_मजला बरोबर आहेत, ते सुधारून वाचा.

प्युरिफायर तपासणी, बाळ आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत असताना, दुपारी: खोली बंद, छताचा पंखा मंद. अर्धी उदबत्ती जाळून मीटर २०० च्या वर गेला की ती विझवून बाहेर न्या. पाच मिनिटं हवा मिसळू द्या. मग प्युरिफायर न लावता २०० वरून उतरायला किती वेळ लागतो ते थोडा वेळ बघा, साधारणपणे फार हळू उतरतं. पुन्हा धूर करा, प्युरिफायर लावा आणि २०० वरून १०० यायला किती मिनिटं लागली ते लिहा.

४१.६ भागिले मिनिटं म्हणजे तासाला हवा किती वेळा स्वच्छ झाली. १० मिनिटं लागली तर ४.२. त्यातून प्युरिफायरशिवायची नैसर्गिक घट, समजा ०.५, वजा करा: ३.७. गुणिले ३२ घनमीटर म्हणजे सुमारे ११८ सीएडीआर. ज्या स्पीडवर झोपणार त्याच स्पीडवर तपासा. बाहेरची पातळी ४० च्या खाली असतानाच करा, नाहीतर तळाला गणित चुकतं. ही चाचणी दर दोन महिन्यांनी केली की फिल्टर कधी बदलायचा हे मशीनच्या दिव्यावर अवलंबून राहत नाही. तो दिवा बहुतेक मशीनमध्ये फक्त चालू तास मोजतो. बाहेरची जाळी पंधरवड्याला धुवा, हेपा फिल्टर कधीही धुवू नका, आपटूही नका.

पहाटे धुकं असेल तर मीटर जास्त दाखवतो, पाण्याचे थेंब धुळीत मोजले जातात. ९० च्या वर आर्द्रता असेल त्या वेळचे बाहेरचे आकडे सोडून द्या.

---

बारीक_जाळी

हॉलच्या जुगाडासाठी: एग्झॉस्ट फॅनला एकच जाड हेपा फिल्टर बांधायचे व्हिडिओ फिरतात ते करू नका. पात्यांच्या पंख्याला दाब सहन होत नाही, हवा जवळजवळ थांबते आणि मोटर नुसती घरघरते. क्षेत्रफळ वाढवायचं असतं. एसीच्या डक्टचं सामान विकणाऱ्यांकडे एफ७ दर्जाचे चौकोनी प्लीटेड फिल्टर मिळतात, अमेरिकेतल्या मर्व्ह १३ च्या जवळपासचे. २० बाय २० इंची, दोन इंच जाडीचे चार घ्या. चारही उभे करून खोका बनवा, कडेला छापलेला बाण आतल्या बाजूला. तळाला प्लायवूड. वर पुठ्ठ्याच्या झाकणात पात्यांपेक्षा जेमतेम मोठं गोल भोक पाडून १२ इंची, कमी आरपीएमचा (९०० चा) एग्झॉस्ट फॅन हवा वर फेकेल असा बसवा. भोक पात्यांपेक्षा खूप मोठं राहिलं तर हवा कडेने परत आत पडते. सगळे सांधे रुंद चिकटपट्टीने, आतून दिव्याचा उजेड टाकून फटी तपासा. पंख्यावर जाळी घट्ट हवी, घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. वायरला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग.

एफ७ एका फेरीत हेपाइतकं पकडत नाही, पण हवा भरपूर फिरते म्हणून हिशेब जमतो. वास आणि वायू यातून जात नाहीत, शेकोटीचा वास येतच राहील.

शेकोटीबद्दल: कचरा-पाला उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी २०१६ पासून मनाई आहे, पण वॉचमनवर ओरडून काही होत नाही, त्याला थंडी वाजते म्हणून तो जाळतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये केबिनला दार, जाड जॅकेट आणि एक ऑइलवाला इलेक्ट्रिक हीटर मंजूर करून घ्या. पाला एका कोपऱ्यात चार बाय चार फुटांच्या जाळीच्या कुंपणात साठवून, आठवड्यातून एकदा पाणी आणि थोडं आंबट ताक मारलं तर पावसाळ्यापर्यंत खत होतं. माळीकाकांना विचारा, ते बहुतेक आनंदाने करतील. हीटर केबिनच्या एक्स्टेंशन बोर्डवर नको, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या.